पांझरेच्या अलीकडचा शनी

पूर्वेला भुसावळ, पश्चिमेला धुळं, दक्षिणेला पहूर आणि उत्तरेला चोपडा. ज्ञानचंदभाऊंची पृथ्वी एवढीच होती. तिच्यापलीकडे त्यांनी जाणतेपणी कधी पाऊल टाकलं नाही. मंगळावर मात्र ते निदान दोनशे वेळा जाऊन आले होते, आणि शुक्रावर तर त्यांचा मुक्काम दर पावसाळ्यात असायचाच.

जळगावात त्यांचं बारदानाचं दुकान होतं. बारदान म्हणजे रिकामी पोती. डाळ मिलवाले भरल्या पोत्यांवर जगायचे, ज्ञानचंद घेवरचंद रिकाम्या पोत्यांवर. दुकानात शिरलं की तागाचा वास नाकात बसायचा, दोन शिंका यायच्या, आणि शिंका आवरून बघावं तो छताला भिडलेल्या गठ्ठ्यांच्या मधोमध, गादीवर, टोपी मागे सरकवून हे गृहस्थ पुस्तकात बुडालेले. गोल चेहरा, भुवयांवर तागाची कुसं, आणि ओठ हलताहेत. गिऱ्हाईक म्हणायचं, "शेठ, दोनशे पोती काढा." भाऊ मान वर न करता म्हणायचे, "एक मिनिट थांबा. यानाचं दार आतून अडकलंय." नवखं गिऱ्हाईक आजूबाजूला दार शोधायचं. जुनं गिऱ्हाईक एखाद्या गठ्ठ्यावर बसून घ्यायचं आणि विचारायचं, "कुणी बाहेर राहिलंय का?"

मी तेव्हा तार ऑफिसात कारकून होतो. रिकाम्या पोत्यांशी माझा संबंध येण्याचं कारण नव्हतं. तो आला नूर महंमदमुळे. हा नूर महंमद पुस्तकं बांधायचा आणि रद्दीतून आलेली बरी पुस्तकं निवडून विकायचा. त्याच्याकडे मी एकदा चंद्रावरच्या स्वारीची एक जुनी गोष्ट मागितली, तर तो सुतळी दातात धरूनच म्हणाला, "ती सेठकडे गेली. आसमानवाली सगळी किताबं सेठकडे जातात. जमिनीवरचं काही पाहिजे तर बोला."

मग मीच दुकानात गेलो, दोन शिंका दिल्या आणि आमची ओळख झाली. शिंकणाऱ्या माणसाला भाऊ पुस्तक देत. न शिंकणारा म्हणजे पोत्यांचा व्यापारी, असं त्यांचं साधं गणित होतं.

ती पुस्तकं काय वर्णावी! कागद पिवळा, पानं दुमडलेली, चित्रात यानाला चक्क खुंटी आणि खुंटीला छत्री. कुणी एक प्राध्यापक आपल्या बंगल्याच्या परसात पत्र्याचं यान बांधतो. सोबत पुतण्या, दोन कंदील, महिनाभराचा फराळ आणि एक कुत्रा घेतो. यानाला आतून कडी लावतो आणि एका सकाळी सरळ निघतो. मंगळावर कालवे असतात, कालव्यांच्या काठी राहणारी माणसं अतिशय सभ्य असतात आणि दुसऱ्याच दिवशी मराठी शिकतात. शुक्रावर घनदाट जंगल, सदैव पाऊस आणि जांभळाएवढे डास. पुतण्या हमखास हरवतो, कुत्रा त्याला हमखास शोधून काढतो.

"यात तुम्हाला आवडतं काय?" मी एकदा विचारलं.

भाऊंनी पान उलटून मला एक ओळ दाखवली. "हे बघा. 'दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरळ निघाले.' सरळ निघाले! कुणाला विचारलं का? नाही विचारलं. दुकान कोण बघेल, चातुर्मासात प्रवास कसा करायचा, मामीजींना काय वाटेल, काही नाही. यान तयार झालं, निघाले." एवढं बोलून त्यांनी ती ओळ बोटानं पुसल्यासारखी केली, जशी काही तिच्यावर तागाची धूळ बसली होती.

हे 'सरळ निघणं' भाऊंच्या आयुष्यात एकदाच येऊ घातलं होतं. सेहेचाळीस साली. ते मॅट्रिक झाले होते, शास्त्राच्या विषयात वर्गात पहिले आले होते, आणि पुण्याच्या कॉलेजात जायचं त्यांनी मनाशी नक्की केलं होतं. वडील घेवरचंदजी नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणणारा बाप परवडतो, त्याच्याशी भांडता येतं. घेवरचंदजी म्हणाले, "बघू. आज स्थानकात चल."

स्थानकात, म्हणजे जैन साधूंच्या उतरण्याच्या आणि प्रवचनाच्या जागी, महाराजांचं प्रवचन संपलं आणि रिवाजाप्रमाणे लोक एकेक उठून व्रतं घेऊ लागले. कुणी चौदसला हिरवी भाजी सोडली, कुणी सूर्यास्तानंतरचं पाणी सोडलं. घेवरचंदजी उठले आणि म्हणाले, "महाराज, माझा मुलगा दिशांचं व्रत घेतो."

दिशांचं व्रत म्हणजे गृहस्थानं जन्मभर कुठल्या दिशेला कुठवर जायचं याची हद्द आखून घ्यायची. हद्दीपलीकडे पाऊल नाही, म्हणजे पलीकडचा लोभ नाही, पलीकडच्या जिवांना आपला उपद्रव नाही. व्रत मोठं शहाणपणाचं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. साठी उलटलेल्या माणसानं ते घेतलं तर शोभूनही दिसतं. पण हा मुलगा अठरा वर्षांचा होता आणि त्याच्या खिशात पुण्याच्या कॉलेजचा अर्ज होता.

दोनेकशे माणसं बघत होती. मागे बायकांमध्ये धुळ्याहून आलेली होणारी सासूही बसलेली होती. भाऊ हात जोडून उभे राहिले. महाराज विचारत गेले आणि उत्तरं घेवरचंदजी देत गेले.

"पूर्वेला?"

"भुसावळ."

"उत्तरेला?"

"चोपडा."

"दक्षिणेला?"

"पहूर. तिथे माझी बहीण असते."

"पश्चिमेला?"

"धुळं."

"धुळं म्हणजे कुठवर? गाव वाढत जातं. पक्की खूण सांगा."

घेवरचंदजींनी जरा विचार केला. व्याह्यांचं घर नदीच्या अलीकडे होतं. "पांझरा नदी," ते म्हणाले.

"ठीक. खाली?"

"विहिरीच्या तळापर्यंत."

"आणि वर?"

घेवरचंदजी हसले. म्हणाले, "वर कुठे जाणार आहे, महाराज? वरचं मोकळंच राहू द्या."

मग महाराजांनी मुलाकडे बघून विचारलं, "जन्मभरासाठी, कबूल?" आणि मुलगा हो म्हणाला. पुण्याचा अर्ज पुढे कितीतरी वर्षं एका पुस्तकात खूण म्हणून होता, तो मीसुद्धा पाहिला आहे.

"तेवढी एक खिडकी बाबूजी लावून घ्यायला विसरले," असं भाऊ आभाळाकडे बोट करून सांगत. बाजारातली मंडळी यावरून त्यांची यथेच्छ थट्टा करायची. "भाऊ, वर मोकळं आहे ना? मग बसा रॉकेटात!" भाऊ गंभीरपणे म्हणत, "बसलो असतो. पण रॉकेट उडतं केरळात. वर जायला आधी दक्षिणेला जावं लागतं. पहूरहून उडायला लागलं की कळवा."

पहूरचं दुःख आणखी वेगळं होतं. पहूरहून थोडं पुढे गेलं की अजिंठ्याची लेणी. साता समुद्रापलीकडची माणसं ती बघायला यायची. भुवाजींकडे, म्हणजे या आत्याकडे, गेले की भाऊ पहूरच्या रस्त्यावर उभं राहून गोऱ्या पाहुण्यांच्या मोटारी जाताना बघायचे आणि येताना बघायचे. येणाऱ्यांच्या तोंडावरून लेणी कशी असतील याचा अंदाज बांधायचे. "आज एक बाई रडवेली होती," ते मला सांगायचे. "आत काहीतरी फारच चांगलं असलं पाहिजे."

मी एकदा न राहवून म्हणालो, "भाऊ, घेवरचंदजी जाऊन आठ वर्षं झाली. पुढे कोण बघतंय? सोडून द्या ना."

"बाबूजी असते तर भांडलो असतो," भाऊ म्हणाले. "आता कुणाशी भांडू? आणि सांगितलं बाबूजींनी, पण हो मी म्हटलं होतं. तुम्ही तारवाले. एखादी तार वाईट निघाली म्हणून तुम्ही ती फाडून टाकता का?"

खरं तर दोन-तीनदा तसं करावंसं वाटलं होतं, पण सरकारी नोकरी.

एकोणसत्तर सालच्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला. त्या दिवशी दुकानातला रेडिओ गठ्ठ्यांच्या वर ठेवला होता, जणू तेवढाच तो चंद्राला जवळ. अर्धा बाजार दुकानात जमून शिंकत होता. झुलाल हमाल पाठीवरचं ओझं उतरवून कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "शेठ, चांदवर मानूस जाई उना, नि तुम्ही आजून धुयानी पांझरा नही वलांडी!"

सगळे हसले. भाऊही हसले. पण मंडळी पांगल्यावर त्यांचा चेहरा मला काही उजळलेला दिसला नाही.

"का हो? आनंद नाही झाला?"

"झाला ना. झालाच. पण तुम्ही ऐकलंत का नीट? प्रत्येक गोष्ट खाली विचारून. दार उघडू का? उघडा. शिडी उतरू का? उतरा. किती वेळ फिरू? एवढा वेळ. अहो, इतके लाख कोस जाऊनसुद्धा बाबूजी कानात!" आणि त्यांनी रेडिओ बंद करून ते परसातल्या यानाचं पुस्तक पुन्हा उघडलं.

तेव्हापासून ते जुन्या गोष्टींना जास्तच चिकटले. नूर महंमद नव्या गोष्टी आणायचा, त्यात आकडे असायचे, वजनं असायची, सगळं बिनचूक. भाऊ चाळून परत करायचे. शुक्रावर जंगल नसून नुसती भट्टी आहे हे पेपरात आलं, तेव्हा त्यांचं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. लाडकुंवरभाभी मला म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, कुणी नात्यातलं गेलं."

या लाडकुंवरभाभी म्हणजे धुळ्याच्या त्या सासूबाईंची लेक. उंच, सडपातळ, बोलायला फटकळ. पुस्तकांबद्दल त्यांचं मत स्वच्छ होतं. "चंद्रावर जाऊन हे काय आणणार? यांना बाजारात पाठवलं तर मेथी विसरून पिशवी घेऊन येतात, ती पण दुसऱ्याची." भाभींनी दिशांचं व्रत घेतलेलं नव्हतं. त्यांना ते घ्यायची गरजच पडली नव्हती. शनिपेठेतलं घर, स्थानक, आणि वर्षातून दोनदा धुळ्याला माहेरी; तेही भाऊंच्या सोबतीनं. भाऊंच्या हद्दी निदान कुणीतरी विचारून आखल्या होत्या.

त्र्याहत्तरच्या चातुर्मासात जळगावात एक महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, आल्या होत्या. वयानं म्हाताऱ्या, पण डोळे मिश्कील. भाऊंनी सत्तावीस वर्षं मनात घोळवलेला एक बेत त्यांच्यापुढे मांडला. मी सोबत होतो, म्हणून ऐकलं.

"महासतीजी, उत्तरेला माझी चोपड्यापर्यंत मुभा आहे. पण चोपड्याला मला काही काम नाही. ते सगळे कोस मी सोडून देतो. पूर्वेचं भुसावळही सोडतो. त्याच्या बदल्यात ते कोस पश्चिमेला किंवा दक्षिणेला जोडून मिळतील का? एकूण मोजमाप तेवढंच राहील. कमीच भरेल, हवं तर."

महासतीजी खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "भाई, यालाच क्षेत्रवृद्धी म्हणतात. व्रतात लागणाऱ्या दोषांतला हा चौथा. प्रतिक्रमणात तुम्ही रोज म्हणता ना?"

भाऊंचा चेहरा पडला. जन्मभर हात जोडून ते ज्या दोषाची माफी मागत आले होते, तो नेमका हाच, हे त्यांना आज कळलं.

"म्हणजे हे आधीच कुणीतरी करून बघितलंय?"

"अडीच हजार वर्षांपूर्वी," महासतीजी म्हणाल्या. "तेव्हाही श्रावक व्यापारीच होते."

बाहेर आल्यावर भाऊ बराच वेळ चपला शोधत राहिले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

त्यानंतर डिसेंबरात नूर महंमद आपणहून दुकानात आला. एरवी तो कधी येत नसे, तागानं त्याचा दमा उठायचा. आल्या आल्या त्यानं नाकाला रुमाल लावला आणि एक हस्तपत्रक गादीवर ठेवलं. "रद्दीत मिळालं, सेठ. धुळ्याचं आहे. धुळं आपल्यात बसतं ना?"

धुळ्याच्या एका कॉलेजात गच्चीवर सिमेंटच्या खांबात मोठी दुर्बीण बसवली होती. यंदा शनी पृथ्वीच्या जवळ आहे आणि त्याची कडी चांगली पसरलेली आहेत, तरी जानेवारीतल्या दर रविवारी संध्याकाळी सात ते आठ नागरिकांनी येऊन पाहावी, फुकट, असं त्यात छापलं होतं.

भाऊंनी ते दोन्ही हातांनी उचललं. शनीची कडी! यानाच्या गोल खिडकीतून ती किती वेळा दिसली होती. पुतण्या म्हणायचा, "काका, ते पाहा!" आणि पुढचं अर्धं पान नुसतं वर्णन. ते अर्धं पान भाऊंना पाठ होतं. आता ती खरोखर बघायला मिळणार होती, आणि तीही धुळ्याला! वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते. अगदी खालच्या ओळीवर ते थांबले.

"देवपूर," ते म्हणाले.

देवपूर धुळ्यातच आहे, पण पांझरेच्या पलीकडे.

मी म्हणालो, "भाऊ, पूल ओलांडला की पाच मिनिटांवर आहे हो!"

"पहूरहून अजिंठाही फार नाही," भाऊ म्हणाले.

तरी माणसाचं मन. त्यांनी महासतीजींना पत्र घातलं, की नदीपर्यंत म्हणजे अलीकडचा काठ, मधली धार की पलीकडचा काठ? एका श्रावकानं लिहिलेलं उत्तर आलं: 'महासतीजी सांगतात, शंका असेल तिथे कमी धरावे.' भाऊंनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तरी रविवारी जाऊ. जवळ तर जाऊन येऊ."

आम्ही तिघं एस.टी.नं निघालो. एरंडोल गेलं, पारोळं गेलं. भाभी खिडकीशी बसल्या होत्या. "सगळं जग शनीला चुकवायला तेल घालतं," त्या म्हणाल्या, "आणि हे तिकीट काढून त्याला बघायला निघालेत. तो आपण होऊन बघतो तेवढं पुरत नाही वाटतं!" भाऊंच्या डोक्यात पुलाचा विचार चाललेला असावा.

भाभींच्या माहेरी सूर्यास्ताच्या आत जेवणं झाली आणि सहा-साडेसहाला आम्ही पुलावर आलो. जानेवारीतली पांझरा म्हणजे वाळूच फार. भाऊ कठड्यावरून वाकून बघत बघत पुढे सरकत होते. पहिल्या तीन कमानींखाली कोरडी वाळू होती, चौथ्या कमानीखाली धार सुरू होत होती. तिसऱ्या कमानीवर ते थांबले. दोन्ही पाय जुळवून, शाळेत उभं राहतात तसे.

अंधारून आलं. थंडी होती. माणसं गटागटानं पूल ओलांडून पलीकडे चालली होती. कॉलेजची पोरं, एक मास्तर, कानाला मफलर बांधलेले दोन म्हातारे. पलीकडे झाडांच्या वर गच्चीवरचा लाल कागद लावलेला दिवा दिसत होता.

"तो बघा," भाऊ म्हणाले. ते पलीकडे बघतच नव्हते. पूर्वेला, आम्ही आलो त्या जळगावच्या अंगाला, एक पिवळसर ठिपका न लुकलुकता उभा होता. "शनी. हा रोज आमच्या गच्चीवरूनही दिसतो. पण नुसता ठिपका. कडी दिसायला तिकडे जावं लागतं." आणि त्यांनी ठिपक्याकडे पाठ फिरवून गच्चीकडे बोट केलं. शनी एकीकडे, दुर्बीण दुसरीकडे आणि मधे तिसरी कमान.

मला ते बघवेना. मी म्हणालो, "मी जाऊन बघून येतो आणि तुम्हाला सगळं सांगतो."

"नका," ते घाईनं म्हणाले. "आपण जायचं नाही आणि दुसऱ्याला पाठवून पलीकडचं काम करून घ्यायचं, हाही दोषच. वेगळ्या एका व्रतातला आहे तो, पण मन तर एकच ना? तुम्हाला बघायचं असेल तर तुम्ही खुशाल बघा. माझ्यासाठी नका बघू." आता माणूस असं बोलल्यावर मी कुणासाठी बघणार? मी कठड्याला टेकून उभा राहिलो.

भाभींनी हातातली पिशवी भाऊंच्या हातात दिली. पदर डोक्यावरून नीट घेतला, शाल कानांवरून ओढली.

"मी जाते," त्या म्हणाल्या.

"अगं, आता सांगितलं ना, पाठवलं तर दोष..."

"मला कुणी पाठवलंय?" भाभी म्हणाल्या. "मी माझी चाललेय."

"एकटी?"

"पूल आहे. वाट चुकायला जागा कुठे?"

आणि त्या निघाल्या. चौथी कमान, पाचवी कमान. सत्तावीस वर्षांच्या संसारात ही बाई नवऱ्याच्या पुढे कधी चाललेली मी तरी ऐकली नव्हती. भाऊ तोंड उघडं टाकून बघत राहिले. शाल अंधारात दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे त्यांनी तोंड मिटलं.

पहिली दहा मिनिटं आम्ही गप्पा मारल्या. पुढची दहा मिनिटं भाऊच बोलले. शनीला चंद्र किती, वर्ष केवढं. मग तेही थांबले. मघाचे मफलरवाले म्हातारे परत आले. मास्तर परत आला. पोरं आरडाओरडा करत परत आली. भाभी नव्हत्या.

"पावणेआठ झाले," भाऊ म्हणाले.

"रांग असेल."

"रांगेतली माणसं परत आली. त्यातली काही तर तिच्या मागून गेली होती." ते चौथ्या कमानीच्या तोंडाशी गेले. तिथून पुढे एक पाऊल टाकायची मुभा नव्हती. "अहो, तिला जिन्याची सवय नाही. गच्चीला कठडा असेल ना? आणि तिच्याजवळ माझं नाव-गाव लिहिलेलं काही नाही. कुणी विचारलं तर ती माझं नाव घेणार नाही, तुम्हाला माहीत आहे." त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरली होती. "लाडकुंवर!" त्यांनी हाक मारली. मोठ्यानं. पुलावरचा एक सायकलवाला दचकून उतरला. सत्तावीस वर्षांत त्यांनीही बायकोचं नाव चारचौघांत घेतलेलं नव्हतं.

पलीकडून काही आलं नाही. भाऊ एक पाय उचलायचे आणि तिथेच ठेवायचे. थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तीस वर्षं हा माणूस मंगळावरच्या हरवलेल्या पुतण्याला शोधत फिरला, आणि इथे बायको पाचशे पावलांवर असताना त्याला जाता येत नव्हतं. मला वाटलं, आता जातोय. आता हा माणूस जातोय, आणि गेला तर बरं होईल की वाईट हे मला अजूनही सांगता येत नाही.

"मी बघतो," मी म्हणालो आणि निघालो. सहाव्या कमानीपर्यंत गेलो असेन, तेवढ्यात समोरून भाभी आल्या. सावकाश, जराही घाई नाही. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मी त्यांच्या मागे मागे परत आलो.

"कुठे होतीस?" भाऊंचा आवाज चिरकला. "सगळे आले, तू नाहीस! हाक मारली ती ऐकली नाहीस?"

"नाही. मी पुन्हा रांगेत उभी होते."

"पुन्हा?"

"दोनदा बघितलं. एकदा..." भाभी थांबल्या. "नाही, तसं म्हटलं तर तुम्हाला दोष लागायचा. दोन्ही वेळा माझ्यासाठी बघितलं."

भाऊंनी पिशवीचे बंद उगाच सोडून पुन्हा बांधले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कसा आहे?"

भाभींनी आधी आकाशातल्या त्या ठिपक्याकडे एकदा पाहिलं. "एवढासा आहे. तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. तसाच पिवळा. आणि भोवती कडं. पण कसं सांगू, कडं त्याला लागलेलं नाही हो. मधे काळी जागा आहे. कशाला टेकलेलं नाही, कुणी धरलेलं नाही. मी तिथल्या दुर्बिणीजवळच्या मास्तरला म्हटलं, काचेवर चितारलंय का? तर तो म्हणाला, बाई, नीट बघा, हळूहळू सरकतोय. आणि खरंच सरकत होता. एका कडेनं आला आणि दुसऱ्या कडेनं निघून गेला. मग मी पुन्हा रांगेत उभी राहिले."

"कडी एक नाही, तीन असतात," भाऊंना राहवलं नाही. "बाहेरचं अंधुक, मधलं..."

"तुम्ही पाहिलीत?"

"नाही."

"मग ऐका."

आम्ही परत फिरलो. भाभी पुढे, हातवारे करत बोलत होत्या. भाऊ अर्धं पाऊल मागे, पिशवी घेऊन, मान एका बाजूला कलती करून. मी मुद्दाम रेंगाळलो, तरी त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"पण ते कडं पडत कसं नाही?" भाऊंनी विचारलं. उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा त्यांनी मला दुकानात टोपी बोटावर फिरवून ते तासभर समजावलं होतं.

"अग्गोबाई, ते विचारायचं राहिलंच," भाभी म्हणाल्या. "पुढच्या रविवारी विचारून येते."